प्रेशर पॉइंटने माणूस खरोखर बेशुद्ध पडतो का? काही महिन्यांच्या वर्गानंतरचा अनुभव

रत्नागिरीत चालणाऱ्या एका ‘प्रेशर पॉइंट’ स्वसंरक्षण वर्गाला मी उन्हाळ्याच्या सुट्टीपासून दिवाळीपर्यंत नियमित जात होते. शरीरावरील ठरावीक बिंदूंवर योग्य क्रमाने हलका आघात केला, तर धिप्पाड माणसाचीही जागच्या जागी शुद्ध हरपते, हे या वर्गाचे मुख्य आकर्षण होते आणि साध्या कराटे वर्गापेक्षा त्याची फी जास्त होती ती त्यासाठीच. मी कॉलेजात असल्यापासून ज्युदो खेळते आणि आता आठवी ते दहावीच्या मुलींना स्वसंरक्षण शिकवते. अंगाने किरकोळ असलेल्या मुलीला तिच्या दुप्पट वजनाच्या माणसाच्या तावडीतून सुटायचे असेल, तर अशी विद्या तिला फार मोलाची ठरेल. उलट ती निरुपयोगी असेल, तर तिच्यावर विसंबून राहणे त्या मुलीच्या जिवावर बेतू शकते. वर्ग लावण्यामागे माझा हेतू एवढाच होता.

आधी उपयोगी भाग सांगते, कारण तो थोडाथोडका नाही. मज्जातंतू जिथे हाडाला लागून आणि त्वचेच्या अगदी जवळून जातात, अशा जागा या वर्गात फार नेमकेपणाने शिकवल्या जातात. कोपर दाराच्या चौकटीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या अल्नर मज्जातंतूमुळे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, पायाच्या बारीक हाडाच्या मानेवरून जाणाऱ्या मज्जातंतूवर लाथ नीट बसली तर पाय क्षणभर लुळा पडतो, हे मी इथेच नीट शिकले. कानाच्या पाळीमागे जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा रुतवला की माणूस डोके मागे घेतोच. भुवईच्या हाडाच्या कडेवर दाबल्यावर होणारी वेदना तर इतकी खात्रीची असते, की रुग्ण किती शुद्धीवर आहे हे तपासायला डॉक्टरही तिचा वापर करतात. पकड सैल करायला आणि पळण्याइतकी सवड मिळवायला हे सारे कामाचे आहे. मात्र वेदना होणे आणि शुद्ध हरपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारू प्यायलेल्या किंवा संतापाने पेटलेल्या माणसाला वेदना कमी जाणवते, हेही वर्गात ठळकपणे सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही.

आता मूळ दाव्याकडे येते. वर्गात माणसे पडत होती, हे मी स्वतः पाहिले आहे आणि ती नाटक करत होती असे मला वाटत नाही. प्रात्यक्षिकाची पद्धत ठरलेली असे. विद्यार्थी पाय जुळवून, हात सैल सोडून उभा राही. सर त्याचे मनगट धरून हाताच्या पुढच्या भागावरचे दोन बिंदू दाबत, बाकीचे आम्ही गोल करून बघत असू, आणि मग जबड्याखाली मानेच्या बाजूवर तळहाताच्या कडेचा एक फटका बसे. गुडघे मोडत, मागे उभे असलेले दोघे त्याला झेलून आडवे करत, सर पाठीवर ठराविक जागी थोपटत आणि थोड्या वेळाने तो डोळे उघडे. मे महिन्यात हे सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी चाले. नऊ वाजले की वाळू तापू लागते, अंगातून घामाच्या धारा लागतात आणि बरीच मुले नुसत्या चहावर आलेली असतात. शाळेच्या मैदानावर ध्वजवंदनाच्या वेळी उपाशी, ताठ उभी असलेली मुले कशी कोसळतात, हे मी शिक्षक म्हणून पुष्कळदा पाहिले आहे. त्यांना आडवे केले की डोक्याकडे रक्त परतते आणि ती आपोआप शुद्धीवर येतात. पाठीवर कुणी थोपटावे लागत नाही. वर्गात जी ‘पुनरुज्जीवनाची क्रिया’ गुप्त विद्या म्हणून शिकवली जाते, तिचे बरेचसे श्रेय खरे तर आडवे झोपवण्याला जाते.

मानेवरचा तो बिंदू मात्र काल्पनिक नाही. चिनी उपचारपद्धतीत शरीरातून ऊर्जा वाहून नेणाऱ्या ‘वाहिन्या’ मानल्या जातात, त्यांपैकी जठरवाहिनीचा नववा बिंदू असे त्याला म्हणतात आणि तो कंठाच्या उंचवट्याच्या बाजूला, जिथे बोटाला नाडी लागते तिथे, येतो. नेमक्या याच परिसरात मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी दुभंगते आणि तिथल्या फुगीर भागात रक्तदाब मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. त्यांच्यावर दाब आला की रक्तदाब वाढला आहे असा संदेश नवव्या मस्तिष्क-मज्जातंतूमार्फत मेंदूच्या तळाशी जातो आणि दहावा मज्जातंतू, म्हणजे व्हेगस, हृदयाची गती कमी करतो; त्याच वेळी रक्तवाहिन्याही सैलावतात. हा भाग अतिसंवेदनशील असलेल्या, बहुतांशी उतारवयातील, व्यक्तींमध्ये हृदयाचे ठोके ३ सेकंद किंवा त्याहून अधिक थांबू शकतात, किंवा वरचा रक्तदाब ५० अंकांहून जास्त उतरू शकतो. तरुण, धडधाकट माणसाच्या बाबतीत मात्र असा दाब दिल्यावर ठोके थोडे मंदावण्यापलीकडे सहसा काही घडत नाही.

इथे वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म त्यातच आहे. १९४३ साली अमेरिकेत रॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याभोवती फुगणारा पट्टा लावून मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अचानक रोखला, तेव्हाही शुद्ध हरपायला सरासरी ६.८ सेकंद लागले होते. रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यावर जर एवढा वेळ लागतो, तर फटक्याचा आवाज विरण्याच्या आत कोसळणारा विद्यार्थी रक्तदाब उतरल्याने कोसळला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. फटका जोरदार असेल तर डोक्याला हिसका बसून मेंदू हादरतो. मुष्टियोद्धा हनुवटीवर ठोसा खाऊन खाली जातो तो याच कारणाने, आणि त्यासाठी कुठल्याही वाहिनीचे ज्ञान लागत नाही. फटका हलका असेल तर उरते ती मनाची तयारी: आपण पडणार आहोत हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, भोवतीच्या सर्वांना ठाऊक असते, झेलणारे हात तयार असतात आणि सरांविषयी मनात आदर असतो. अशा स्थितीत शरीर खरोखर सैल पडते. म्हणूनच पडणाऱ्यांना मी खोटे म्हणत नाही.

याची खात्री पावसाळ्यात पटली. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असल्याने मिरकरवाड्याच्या बंदरावरचे काही खलाशी या दिवसांत मोकळे असतात, आणि त्यांपैकी एक जण मित्राच्या आग्रहाने वर्गाला येऊ लागला. तोवर वर्ग एका बंदिस्त हॉलमध्ये हलवला होता. जाळी ओढून त्याचा हात असा घडलेला होता, की मनगटापासून कोपरापर्यंत बोट रुतेल अशी जागाच सापडत नव्हती; मान खांद्यातून सरळ वर आलेली, जाड. सरांनी हातावरचे दोन्ही बिंदू दाबले, तेव्हा तो शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिला. मानेवर फटका बसला, त्याने डोळे मिचकावले, एक पाऊल बाजूला टाकले आणि पुन्हा सरळ उभा राहिला. दुसरा फटका पहिल्याहून बराच जोराचा होता; त्याची मान लाल झाली, परंतु तो पडला नाही. नंतर मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, दुखलं बरोबर, पण पडायसारखं काय नाय.” त्याला काय व्हायला हवे हे कुणी सांगितलेले नव्हते आणि पडण्याची त्याला काही गरजही वाटली नव्हती.

त्यावर जे स्पष्टीकरण मिळाले, त्याने मी सर्वांत जास्त अस्वस्थ झाले. त्याचे शरीर ‘बंद’ आहे, त्याच्या मनात विश्वास नाही, म्हणून ऊर्जा पोहोचली नाही, असे सांगण्यात आले. हा युक्तिवाद जुना आहे. ही पद्धत पाश्चात्य देशांत लोकप्रिय करणारे अमेरिकन कराटे शिक्षक जॉर्ज डिलमन यांच्या स्पर्शाविना बेशुद्ध करण्याच्या दाव्याची नॅशनल जिओग्राफिक वाहिनीच्या कार्यक्रमात परीक्षा झाली आणि ते प्रयोग बाहेरच्या व्यक्तींवर फसले, तेव्हा समोरच्याचा अविश्वास, त्याच्या जिभेची ठेवण आणि पायाचे उचललेले अंगठे अशी कारणे पुढे करण्यात आली होती. जपानमध्ये यानागी र्युकेन यांच्या शिष्यांची रांगच्या रांग त्यांनी दुरून हात फिरवताच कोलमडत असे. २००६ साली त्यांनी एका व्यावसायिक लढवय्याशी प्रत्यक्ष सामना केला, तेव्हा ते थोडक्या वेळात रक्तबंबाळ होऊन हरले. हल्लेखोराने जीभ कुठे ठेवली आहे हे पाहून जर तंत्र चालणार असेल, तर ते अंधाऱ्या पाणंदीत कुणाच्या उपयोगी पडणार?

वर्गात सुश्रुतसंहितेचा आधारही वरचेवर दिला जाई, म्हणून त्याविषयी लिहिणे भाग आहे. तिच्या शारीरस्थान या भागात १०७ मर्मे, म्हणजे आघात सोसू न शकणाऱ्या जागा, सांगितली आहेत आणि आघाताच्या परिणामानुसार त्यांचे पाच प्रकार केले आहेत: तत्काळ प्राण घेणारी १९, कालांतराने प्राण घेणारी ३३, रुतलेले शल्य काढताच प्राण घेणारी ३, व्यंग आणणारी ४४ आणि वेदना देणारी ८. मानेतील आठ ‘मातृका’ पहिल्या प्रकारात येतात. गळ्याजवळची ‘नीला’ आणि ‘मन्या’ ही मर्मे व्यंग आणणाऱ्यांत येतात, त्यांच्या आघाताने वाचा जाते किंवा आवाज बिघडतो असे म्हटले आहे. या पाच प्रकारांत ‘थोडा वेळ बेशुद्ध होऊन पुन्हा ठणठणीत’ असा प्रकार कुठेही नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने कोणत्या जागा जपायच्या, हे सांगणारे ते ज्ञान आहे. त्याचा आधार घ्यायचा असेल तर मानेला हात लावू नका, असाच अर्थ निघतो.

ज्युदोशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. १८८२ साली जिगोरो कानो यांनी सुरू केलेल्या या खेळात गळा आवळण्याचे डाव आहेत आणि त्यांनी शुद्ध खरोखर हरपते, कारण दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर काही सेकंद सलग दाब राहतो. तिथे कुणाच्या विश्वासाचा प्रश्न येत नाही. स्पर्धेत समोरचा प्रतिस्पर्धी जीव तोडून सुटण्याची धडपड करत असतानाही तो डाव लागू पडतो. हात आपटून शरण जाण्याची सोय असते, पंच जवळ असतात आणि लहान मुलांना हे डाव करू दिले जात नाहीत. प्रेशर पॉइंटच्या वर्गात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. कोणतेही तंत्र प्रतिकार करणाऱ्यावर आजमावून पाहिल्याशिवाय मुलींच्या हाती देऊ नये, असे मला मनापासून वाटते, आणि या वर्गात प्रतिकार करणाऱ्यावर सराव जवळजवळ झालाच नाही.

धोक्याचा मुद्दा मी वर्गात स्पष्टपणे मांडला होता आणि इथेही मांडते. मानेवरच्या फटक्याने धमनीचा आतला थर फाटू शकतो, तिथे रक्ताची गुठळी तयार होऊ शकते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे तरुण माणसालाही होते. उतारवयात धमनीत चरबीचे थर साचलेले असतील तर नुसता दाबही घातक ठरू शकतो. म्हणूनच रुग्णालयात डॉक्टर या जागी मुद्दाम दाब देतात तेव्हा आधी मानेची तपासणी करतात, हृदयाचा आलेख चालू ठेवतात आणि ५ ते १० सेकंदांत हात काढून घेतात. आमच्या वर्गात रक्तदाबाची गोळी चालू असलेले निवृत्त गृहस्थही प्रात्यक्षिकासाठी पुढे येत आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. माझ्या हरकतीनंतर साठीपुढच्यांवर प्रात्यक्षिके बंद झाली, एवढे मात्र नमूद करायला हवे.

दिवाळीनंतर मी वर्ग पुढे चालू ठेवला नाही. पकड सोडवण्याचे आणि मज्जातंतूंवर आघात करण्याचे तेवढे धडे मी माझ्या मुलींच्या सरावात घेतले आहेत, आणि तेही एकीने पूर्ण ताकदीने धरायचे, दुसरीने सुटून दारापर्यंत पळायचे, अशा रीतीने. मानेवरचे बिंदू मी शिकवत नाही. ज्यांना सुटकेची तंत्रे शिकायची आहेत त्यांनी पहिल्या दोन महिन्यांपुरता हा वर्ग जरूर लावावा. बेशुद्ध पाडण्याच्या विद्येसाठी वेगळी फी भरू नये. आणि आधीच कुणी अशा प्रात्यक्षिकाला उभे राहिले असेल, तर पुढचे काही दिवस मानेच्या एका बाजूला न थांबणारी वेदना, अनोळखी डोकेदुखी, एक पापणी उतरणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका हातातली शक्ती कमी होणे यांपैकी काहीही जाणवले, तर घरी चोळत न बसता लगेच रुग्णालय गाठावे आणि मानेला मार लागल्याचे तिथे आवर्जून सांगावे.