साडेआठशेचा मीटर आणि जुन्या पोकलेनच्या लाईटी: आठ महिन्यांनंतर

माझी पोकलेन 2008 ची, 20 टनी. इंजिन आणि हायड्रॉलिक अजून ठणठणीत, पण लाईटींनी जीव नकोसा केला होता. आमच्या सिन्नर भागात शेततळ्यांची कामं, उन्हाळ्यात रात्रपाळी टळत नाही. दर वेळी वायरमन बोलवायचा, तो टेप गुंडाळून जायचा आणि चार दिवसांनी पुन्हा अंधार. शेवटी नोव्हेंबरात व्होल्ट-करंट मोजायचा साडेआठशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर (मल्टीमीटर) घेतला.

पहिले पंधरा दिवस या मीटरने मला चक्क फसवलं. बूमची, म्हणजे मशीनच्या मोठ्या हातावरची लाईट बंद होती. होल्डरचा प्लग काढून मीटरच्या पिना लावल्या, 24.9 व्होल्ट. सप्लाय आहे म्हणजे बल्ब गेला, सरळ हिशोब. नवा बल्ब लावला, पेटेना. दुकानदाराशी भांडून दुसरा आणला, तोही नाही. मग मीटरच बोगस म्हणून तो टूलबॉक्सच्या तळाशी टाकून दिला.

दोष मीटरचा नव्हता. मीटर स्वतः करंट ओढतो नावापुरता, त्यामुळे वायर आतून गंजून नुसती टेकलेली असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. 24 व्होल्टचा 70 वॉटचा बल्ब जवळपास 3 अँपिअर मागतो, आणि ते त्या टेकलेल्या जागेतून जात नाहीत. बूमच्या बुडाशी, जिथे वायर प्रत्येक उचलीला वाकते, तिथे बोटांनी चाचपडलं तर एक जागा मऊ लागली. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांब्याचा हिरवा चुरा. हातभर नवी वायर टाकली, वाकायला थोडी ढील ठेवली. ती लाईट आजतागायत चालू आहे.

तेव्हापासून प्लग काढून मोजणं बंद. लाईट जोडलेली, बटण चालू, आणि मग मीटर. केबिनवरच्या दोन लाईटी मिणमिणत्या होत्या तेव्हा याचा खरा उपयोग झाला. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर मोजले 24.6, लाईटीवर 19.1. साडेपाच व्होल्ट वाटेत कुठे गळाले? लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी लाईटीच्या पॉझिटिव्हला: 0.4. ठीक. मग लाईटीचा निगेटिव्ह ते बॅटरीचा निगेटिव्ह: 5.1. सापडला चोर. केबिन रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते, तिची अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची वाट, चासीला मिळते ती एका विणलेल्या पट्टीतून. मागच्या मालकाने विकण्याआधी मशीन रंगवून घेतली होती आणि पट्टीच्या टोकाच्या थिंबलखाली पिवळाधमक रंग! पॉलिश पेपरने लोखंड पांढरं केलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. 5.1 चे 0.2 झाले. त्याआधी एक वायरमन या लाईटींसाठी नवी पॉझिटिव्ह वायर टाकून बाराशे घेऊन गेला होता, ते असो.

फ्यूज उडत असेल तिथे मात्र मीटरपेक्षा जुना बल्ब बरा. होल्डरला दोन वायरी जोडून 70 वॉटचा बल्ब फ्यूजच्या जागी लावायचा आणि त्या लाईनवरच्या सगळ्या लाईटींचे प्लग काढायचे. बटण चालू केल्यावर बल्ब लख्ख पेटला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत पुढे जायचं, बल्ब विझेल तिथे थांबायचं. माझ्याकडे तो ऑपरेटरच्या सीटमागे विझला, पत्र्याच्या भोकातलं रबर झडून वायर धारेवर घासत होती. फ्यूजच्या जागी तार लावणाऱ्या माणसाला माझा कोपरापासून नमस्कार. त्याच्यामुळे निम्मा हार्नेस बदलावा लागला.

सकाळी लाईटी मंद, सेल्फही जड, हे दुखणं मीटरने दोन मिनिटांत सांगितलं. रात्रभर उभ्या मशीनच्या दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या: एक 12.7, दुसरी 11.9. गाण्याच्या टेपसाठी कोणीतरी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले होते. अशाने एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरीला जास्त चार्जिंग बसतं. ती वायर काढली, 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावला. उपाशी बॅटरी वाचली नाही.

आता मीटरच्या तक्रारी. पिनांच्या वायरी जानेवारीच्या थंडीत कडक झाल्या, एक मुळाशी तुटली, नवी जोडी दीडशेला. स्क्रीनला उजेड नाही, त्यामुळे रात्री टॉर्च दातात धरावी लागते. डायलमध्ये धूळ गेली की आकडे नाचतात, दोनदा फिरवला की बसतात. वायर सलग आहे का सांगणारा बीप उशिरा येतो, हलणाऱ्या वायरीचा तुटका क्षण त्याला पकडता येत नाही. आणि करंट मोजायच्या 10 अँपिअरच्या भोकावर बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असं लिहिलंय, ते वाचा. एकदा लाल पिन त्याच भोकात राहिली आणि मी थेट बॅटरी मोजायला गेलो. ठिणगी उडाली, पिनेचं टोक वितळून मणी झाला. मीटर वाचला, भुवया थोडक्यात.

पुन्हा घेईन का? घेईन, पण पाचशे जास्त टाकून उजेडाच्या स्क्रीनचा आणि फ्यूजवाला. हा ऑपरेटरला देऊन टाकणार आहे, त्याने आत्ताच त्यावर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय.