शेअर चाळायला ‘स्क्रीनर’

ठाण्यात बहुतेकांची शेअरखरेदी ओळखीच्या नावापासून सुरू होते. डीमार्टमधली गर्दी रोज दिसते, पोखरण रोडवर रेमंडचे टॉवर दिसतात, आणि डिमॅट उघडलं की पहिली ऑर्डर त्यांचीच जाते. त्यात गैर काही नाही. फक्त ऑर्डर टाकण्याआधी कंपन्यांचे आर्थिक आकडे एका जागी दाखवणाऱ्या ‘स्क्रीनर डॉट इन’ या साइटवर अर्धा तास बसा. मोफत खातं पुरतं. ही साइट ‘घ्या’ किंवा ‘विका’ सांगत नाही, आणि नवख्यांसाठी आम्हाला तिची हीच बाजू सगळ्यात भावते.

कंपनीचं पान उघडलं की नजर पी/ईवर, म्हणजे शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे त्यावर जाते. तिथे थांबू नका, खाली रोख प्रवाहाच्या तक्त्यावर या. मागच्या दहा वर्षांत कामकाजातून आलेल्या रोखीची बेरीज करा आणि ती तेवढ्याच वर्षांच्या निव्वळ नफ्याशी ताडा. ही रोख निव्वळ नफ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरली तर पैसा उधारीत किंवा गोदामात अडकलेला असतो. मग ‘डेटर डेज’ची, म्हणजे उधारी वसूल व्हायला किती दिवस लागतात त्याची ओळ बघा. ६० दिवसांची वसुली १२० वर गेली असेल, तर विक्रीवाढीचं कौतुक तिथेच थांबवा.

‘अदर इन्कम’ची, म्हणजे मुख्य धंद्याबाहेरच्या उत्पन्नाची ओळ सगळ्यात जास्त फसवते. रेमंड समूहाने २०२३ मध्ये आपला ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटींना विकला. त्या वर्षीचा नफा त्यामुळे फुगला, आणि अशा नफ्यावर काढलेला पी/ई स्वस्त वाटतोच. पुढे २०२४ मध्ये कपड्यांचा आणि २०२५ मध्ये बांधकामाचा व्यवसाय वेगळा झाला. मे २०२५ मध्ये एका दिवसात रेमंडचा भाव सुमारे दोन-तृतीयांशाने उतरलेला दिसला, पण जुन्या भागधारकांना त्याबदल्यात रेमंड रियल्टीचे शेअर मिळाले होते. आकडा अचानक उडी मारतो तिथे कारण शोधायचं, आणि ते तक्त्यात सापडत नाही.

डीमार्टचा धडा वेगळा आहे. वागळे इस्टेटमधून चालणाऱ्या या कंपनीचा शेअर मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विक्रीला आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो साडेपाच हजारांच्या वर होता आणि पी/ई दोनशेच्या पुढे. २०२१-२२ मधली सुमारे ३१ हजार कोटींची विक्री २०२४-२५ मध्ये ५९ हजार कोटींवर गेली, तरी मार्च २०२५ अखेर भाव चार हजारांच्या आसपासच होता. धंदा उत्तम, पण भाव आधीच पुढे धावलेला. म्हणून आलेखावरचं ‘पी/ई रेशो’ बटण दाबा आणि आजचा आकडा त्याच शेअरच्या मागच्या वर्षांतल्या मध्यकाशी (मधल्या आकड्याशी) ताडून बघा.

अटी घालून कंपन्यांची यादी काढणारी स्वतःची चाळणी लावायची तर सुरुवातीला एवढं पुरे: बाजारमूल्य १,००० कोटींच्या वर, कर्ज-भांडवल गुणोत्तर ०.५ च्या खाली, विक्रीवाढ आणि आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) दोन्ही पाच वर्षांचे, अनुक्रमे १० आणि १५ टक्क्यांच्या वर. आरओसीई सरासरीच घ्या. एकाच वर्षाचा घेतला तर केमिकल, साखर, पोलाद अशा चढउताराच्या धंद्यातल्या कंपन्या तेजीच्या शिखरावर असतानाच यादीत येतात. तुर्भे-महापे पट्ट्यात राहणाऱ्यांना केमिकलचं हे चक्र वेगळं सांगायला नको. प्रवर्तकांचे (कंपनीच्या मूळ मालकांचे) शेअर कर्जासाठी तारण असतील, तर ती कंपनी सरळ बाजूला ठेवा.

पानावरचे ‘प्रोज’ आणि ‘कॉन्स’ (जमेच्या आणि उण्या बाजू) यंत्राने काढलेले असतात, त्यांवर विसंबू नका. खरा ऐवज अगदी तळाशी, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आहे आणि तिथवर फार थोडे जातात. वार्षिक अहवाल जड वाटला तर आधी क्रिसिल, इक्रा किंवा केअर या संस्थांचा पतमानांकन अहवाल, म्हणजे कंपनीची कर्ज फेडण्याची ऐपत जोखणारा अहवाल वाचा. मोठे ग्राहक किती, कर्जफेड कधी, जोखीम कुठे, हे त्यात थोडक्यात असतं. मग दोन वर्षांपूर्वीच्या कॉनकॉलमध्ये (गुंतवणूकदारांशी फोनवर झालेल्या चर्चेत) व्यवस्थापनाने काय कबूल केलं होतं ते काढा आणि आजच्या आकड्यांशी जुळवा.

बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांना) यातलं कर्जाचं आणि रोख प्रवाहाचं गणित लागू पडत नाही. तिथे एनपीए (थकलेली कर्जं) आणि भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती) बघावी लागते. म्हणून पहिल्या चाळणीत त्यांना धरूच नका.