लाय की ले? आडवं पडण्याआधीचा घोळ

मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात. अशाच नुकसानीचा एक अर्ज शिकवणीतल्या पोरानं वडिलांसाठी इंग्रजीत लिहून आणला होता. त्यात वाक्य होतं, 'द प्लांट्स आर लेइंग ऑन द ग्राउंड.' मी म्हटलं, बाबा रे, केळी काय अंडी घालतेय?

चेष्टा नव्हती. पुढे कर्म नसलं की 'लेइंग' खुराड्यातल्या कोंबडीलाच शोभतं. तिथे 'लाइंग' हवं होतं. तेच वाऱ्याकडून सांगायचं तर 'द विंड लेड द प्लांट्स फ्लॅट', म्हणजे वाऱ्यानं केळी आडवी केली.

आडवी झाली आणि आडवी केली, एवढाच तर फरक. निजणे-निजवणे, पडणे-पाडणे आपण दिवसभर बोलतो. लाय म्हणजे आपण स्वतः पडणं; ले म्हणजे कुणाला निजवणं, काही ठेवणं, अंथरणं. ड्रिपच्या नळ्या आपण अंथरतो तेव्हा ले, त्या बांधावर नुसत्या पडून असतात तेव्हा लाय. जुन्या इंग्रजीतही ले हे लायचं प्रयोजक रूपच होतं.

इथवर सोपं. खरी मेख भूतकाळात आहे. लाय, ले, लेन असं एक चालतं आणि ले, लेड, लेड असं दुसरं. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या वर्तमानकाळाचं तोंड घेऊन येतो. 'फॉल'चंही तसंच: झाड पडलं तरी फेल, झाड पाडायचं तरी फेल. काल दुपारी बाजेवर पडलो, हे 'आय ले ऑन द कॉट'. तिथे 'लेड' लिहिलं तर चूक, आणि 'लाइड' लिहिलंत तर बाजेवर बसून खोटं बोललात!

माझं मत विचाराल तर बोलताना फार जपू नका. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे तेही 'लाय डाउन'च्या जागी 'ले डाउन' सर्रास म्हणतात. अर्जात किंवा पेपरात मात्र लाय-लेचा हिशेब चोख ठेवा, आणि भूतकाळात अडलात तर 'वॉज लाइंग' लिहून मोकळे व्हा. मी स्वतः कितीदा तेच करतो.

बाकीच्या शब्दांत एवढी डोकेदुखी नाही. आरामखुर्चीत रेलणं म्हणजे रिक्लाइन, जेवण झाल्यावर ओट्यावर हातपाय पसरून पडणं म्हणजे स्प्रॉल. उताणं ते सुपाइन, पालथं ते प्रोन. हा दुसरा शब्द २०२१ मध्ये ऑक्सिजनची पातळी मोजता मोजता घरोघरी पोचला. साष्टांग पडलेला तो प्रोस्ट्रेट. त्यातला दुसरा 'र' तेवढा गाळू नका, नाहीतर विठोबापुढून थेट मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाल.