पावती नसताना सदोष वस्तू परत करणे: पुरावे जपण्याच्या पद्धतीचा वापरानंतरचा अनुभव

"पावती नाही? मग परत घेता येणार नाही." काउंटरवर हे उत्तर फार पटकन मिळतं आणि बरेच ग्राहक तिथूनच मागे फिरतात. असं फिरावं लागू नये म्हणून खरेदीचा पुरावा पावतीखेरीज आणखी काही ठिकाणी जपून ठेवण्याची एक साधी पद्धत आहे. तिच्या काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं आणि काय कमी पडलं, ते इथे लिहितो आहे.

खरेदीच्या दिवशीच चार गोष्टी फोनमधल्या एका फोल्डरमध्ये टाकायच्या: पावतीचा फोटो, वस्तूवरच्या सिरीयल नंबरचा फोटो, पैसे दिल्याचा तपशील आणि कंपनीकडे केलेल्या वॉरंटी नोंदणीची पोच. फोल्डरची आणखी एक प्रत ईमेलवर किंवा क्लाउडमध्ये ठेवायची. एका वस्तूमागे पाचेक मिनिटं लागतात. या चारांत सर्वांत जास्त उपयोग सिरीयल नंबरच्या फोटोचा होतो, आणि नेमका तोच कोणी काढत नाही.

तो इतका उपयोगी का, हे दुकानाच्या बाजूने पाहिलं की कळतं. माल परत घेणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. वस्तू याच दुकानातून विकली गेली का? कधी? आणि समोर ठेवलेला नग तोच आहे का? चोरीचा माल, दुसऱ्या दुकानातला माल किंवा नव्या पावतीवर आणलेला जुना नग, या तिन्हींची भीती त्याला असते आणि ती खोटी नाही. पावती पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते. तिच्यावर सिरीयल नंबर छापलेला नसेल, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडेही नसतं. संगणकावर बिल करणाऱ्या दुकानात विक्रीची मूळ नोंद दुकानाकडेच असते. पावती म्हणजे त्या नोंदीचा पत्ता. पत्ता हरवला तरी नोंद जागेवर असते, ती शोधायला पुरेल एवढी माहिती आपण द्यायची असते.

सिरीयल नंबरचा फोटो काढताना मॉडेल नंबर, सिरीयल नंबर आणि उत्पादनाचा महिना असलेलं अख्खं लेबल एका चौकटीत घ्या. हे लेबल बहुधा वस्तूच्या तळाशी, पाठीमागे किंवा बॅटरीच्या झाकणाखाली असतं, आणि घासून किंवा उष्णतेने पुसलं जातं. खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर जुळतो का हेही त्याच दिवशी पाहून घ्या; जुळत नसेल तर ते तेव्हाच दुकानाला दाखवायचं. मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक, *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो पंधरा अंकी असतो आणि दोन सिम असतील तर दोन क्रमांक येतात, दोन्ही ठेवा. बारकोडवर मात्र विसंबू नका. त्याखालचा तेरा अंकी क्रमांक वस्तूचा प्रकार सांगतो, विशिष्ट नग सांगत नाही. दुकानाला आपल्या यादीत वस्तू शोधायला तो उपयोगी पडतो, एवढंच. उत्पादनाच्या महिन्यावरून विक्रीची तारीख कळत नाही, पण त्याआधी विक्री झालेली नाही हे तरी ठरतं. पावती नसेल तर अनेक कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. नग गोदामात बराच काळ पडून असेल तर तेवढे महिने तुमच्या हातून जातात. खरेदीनंतर लगेच कंपनीकडे नोंदणी करायची ती यासाठी.

आता पावतीचा कागद. दुकानातली बहुतेक यंत्रं थर्मल कागदावर छापतात. त्यात शाई नसते. कागदावरच्या थरात रंगहीन डाय (रंगद्रव्य) आणि तिला रंग आणणारं आम्लधर्मी रसायन असतं. उष्णतेने दोन्ही वितळून एकत्र आली की काळा रंग उमटतो. तेल, अल्कोहोल, सेलोटेपचा गोंद आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधली द्रव्यं ही जोडी मोडतात. म्हणूनच प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली पावती कोरी होते आणि टेप लावलेल्या पट्टीतली अक्षरं आधी जातात. उष्णतेचा परिणाम उलटा होतो: साधारण साठ-सत्तर अंश सेल्सियसपासून अख्खा कागद काळवंडू लागतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पावती ठेवू नका आणि गरम लॅमिनेशन तर कधीच करू नका. ठेवायचीच तर कागदी पाकिटात, अंधाऱ्या आणि थंड जागी.

फोटो फ्लॅशशिवाय काढा, नाहीतर चकाकीत आकडे जातात. चारही कोपरे दिसले पाहिजेत. लांब पावतीचे दोन फोटो घ्या आणि मधल्या काही ओळी दोन्हींत येऊ द्या. फाइलच्या नावात तारीख, दुकान, वस्तू आणि रक्कम लिहिली की पुढे शोधणं सोपं जातं. पावती आधीच फिकट झाली असेल तर रंगीत स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवून पाहा, डोळ्यांना न दिसणारे आकडे पुष्कळदा वर येतात. मागच्या बाजूने हेअर ड्रायरची हलकी ऊब दिली तर कोरा भाग गडद होऊन अक्षरं फिकट रंगात दिसू शकतात. पण हा बदल मागे घेता येत नाही, म्हणून स्कॅन आधी आणि ड्रायर शेवटी.

पैसे दिल्याचा तपशील वाटतो तितका सरळ नसतो. बँक स्टेटमेंटवर वस्तूचं नाव नसतं, एकूण रक्कम असते. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नावही वेगळं असू शकतं, कारण तिथे मूळ कंपनीचं नाव येतं. कार्डाच्या व्यवहाराची स्टेटमेंटवरची तारीख प्रत्यक्ष खरेदीच्या एक-दोन दिवस पुढची असू शकते, आणि दुकानदार त्याच दिवशीच्या नोंदी चाळत बसतो. पैसे कापल्याचा एसएमएस यासाठी जास्त उपयोगी: त्यात नेमका दिवस असतो, कधी वेळही असते. त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, फोन बदलला की जुने संदेश जातात. कार्डाच्या स्लिपवरचा सहा अक्षरी अप्रूव्हल कोड (बँकेच्या मंजुरीचा) आणि बारा अंकी आरआरएन (व्यवहार शोधण्याचा संदर्भ क्रमांक), किंवा यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. दुकानाच्या हिशेबनीसाला व्यवहार त्यावरून अचूक सापडतो. फोन टेकवून पैसे दिले असतील तर दुकानाकडे कार्डाच्या शेवटच्या चार अंकांऐवजी फोनमधल्या आभासी कार्ड क्रमांकाचे चार अंक जातात. कार्डावर पाहून सांगितलेले अंक मग जुळत नाहीत आणि "नोंद नाही" असं उत्तर येतं. खरे अंक वॉलेट ॲपमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात मिळतात.

काउंटरवर "पावती हरवली" असं म्हणून सुरुवात करू नका. आधी वस्तू आणि बिघाड दाखवा, मग म्हणा: "या तारखेला, साधारण या वेळेला, इतकी रक्कम, या कार्डावर. तुमच्या सिस्टिममध्ये बिल बघता का?" बिल करताना मोबाइल नंबर दिला असेल तर तो सर्वांत आधी सांगा, कारण शोध सर्वांत लवकर त्यावरून लागतो. गर्दीची वेळ टाळा. जुनं बिल शोधायला अनेकदा मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि रांग लागलेली असताना तो कोणी मागवत नाही. बिल सापडलं की त्याची दुसरी प्रत मागून घ्या. स्टेटमेंट दाखवताना बाकीच्या नोंदी झाका, संबंधित ओळ आणि नाव दिसलं की पुरे.

अधूनमधून येणारा बिघाड काउंटरवर हमखास दिसत नाही. त्याचा व्हिडिओ घरी काढून ठेवा. एकाच सलग चित्रीकरणात आधी सिरीयल नंबर, मग बिघाड. तुकडे जोडलेला व्हिडिओ संशयाला जागा देतो. वस्तू स्वतः उघडू नका, स्क्रू फिरवल्याच्या खुणा आणि फाटलेलं सील पाहून दावा नाकारला जातो. बिघाड कळल्यावर वापर थांबवा आणि त्याच दिवशी दुकानाला लेखी कळवा, मेसेज चालेल. उशीर झाल्याचं कारण मग पुढे येत नाही.

"माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी पाहून दबून जाण्याचं कारण नाही. आवडलं नाही म्हणून परत करणं दुकानाच्या धोरणावर अवलंबून असतं; सदोष मालाची गोष्ट वेगळी आहे. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं हीसुद्धा. मोबदला देऊन वस्तू घेतली हे ग्राहकाला दाखवावं लागतं, आणि वरचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू नाकारून पैसे परत मागायला सर्वसाधारणपणे तीस दिवस मिळतात.

पद्धत उघडी पडते ती रोखीच्या खरेदीत. रोख दिली, मोबाइल नंबर दिला नाही आणि पावतीचा फोटोही काढला नाही, तर उरतो फक्त सिरीयल नंबर. तो दुकानाने बिलात नोंदवला असेल तरच शोध लागतो. म्हणून रोखीने घेताना सिरीयल नंबर बिलावर लिहून सही-शिक्का मागा, आणि हे पैसे देण्याआधी मागा. कपडे, चपला, भांडी अशा नंबर नसलेल्या वस्तूंचा टॅग आणि बॅच नंबर ठेवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. इथे ही पद्धत कमकुवतच आहे. भेट मिळालेल्या वस्तूसाठी देणाऱ्याला संकोच न करता विचारावं, व्यवहार त्याच्या खात्यावर असतो. ऑनलाइन खरेदीत पुरावा खात्यातच असतो, फक्त विकणारा तिसराच असेल तर बिलावरचं विक्रेत्याचं नाव पाहून दाद मागा.

नोंद सापडलीच नाही तर काही दुकानं रोख परताव्याऐवजी क्रेडिट नोट (त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करण्याची चिठ्ठी) देतात आणि किंमत अलीकडच्या सर्वांत कमी विक्रीदराने धरतात. बिघाडाबद्दल वाद नसेल आणि त्या दुकानात पुन्हा खरेदी होणार असेल, तर स्वस्त वस्तूसाठी हे मान्य करावं असं माझं मत आहे. महाग वस्तूसाठी करू नये. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचा लेखी अहवाल घेऊन पुन्हा दुकानात जाणं परवडतं.

वस्तू हातातून सोडताना फोनमधलं खातं आणि लॉक काढा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर घ्या. जॉबशीटवर (वस्तू जमा केल्याच्या कागदावर) सिरीयल नंबर, तुम्ही सांगितलेला बिघाड तुमच्याच शब्दांत, सोबत दिलेले चार्जर-केबलसारखे सुटे भाग आणि बाहेरून दिसणारे ओरखडे लिहिलेले आहेत का ते वाचूनच सही करा. "तपासणीसाठी" एवढंच लिहिलं असेल तर "परताव्याची मागणी" हे शब्द त्यात घालून घ्या, कारण पुढे दुकान दुरुस्तीवर बोळवण करू लागलं तर मूळ मागणी कोणती होती हे त्याच कागदावरून ठरतं.