‘द जॉर्ज इन’, लंडन: आईबरोबर 23 एप्रिलला

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटला लागलं की डाव्या हाताला एक फाटक दिसतं. त्याच्या आत जुन्या टपालगाड्यांचं अंगण आणि अंगणात ‘द जॉर्ज इन’ हा पब, म्हणजे जुनी सराई. माझं ऑफिस जवळच, त्यामुळे मी इथे अधूनमधून जाते. पण 23 एप्रिलला, ड्रॅगन मारणाऱ्या सेंट जॉर्जच्या दिवशी, आईला मुद्दाम घेऊन गेले. ती साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली आहे.

“दारूच्या दुकानात मी येऊन काय करू?” असं तिचं चाललं होतं. म्हटलं, आत नको येऊस, आधी पाटी तर बघ. घोड्यावर स्वार, हातात भाला, घोड्याच्या पायाशी ड्रॅगन. आईनं मान वर केली आणि म्हणाली, “अगं, हा तर आपला खंडोबा!”

आईला इंग्रजी येत नाही, तरी तिनं पाटी बरोबर वाचली. या पाट्या असतात त्यासाठीच. 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजानं एल, म्हणजे एक प्रकारची बीअर, विकणाऱ्यांना दारावर खूण लावण्याची सक्ती केली. अक्षरओळख थोड्यांनाच, म्हणून खूण चित्राची. मग या चित्रांत संत आले. एकमेकींवर आडव्या दोन किल्ल्या म्हणजे स्वर्गाच्या दाराच्या, सेंट पीटरच्या. खिळ्यांचं चाक सेंट कॅथरीनचं, तिचा दिवस 25 नोव्हेंबर. आमच्या घराजवळच्या एका पबनं गेल्या वर्षी चित्र उतरवून नुसती सोनेरी अक्षरं लावली. मला ते फार लागलं. त्या दारावरून आता काहीच कळत नाही.

जॉर्जची इमारत 1677 ची. आदल्या वर्षीच्या आगीत जुनी जळाली म्हणून ही उभी राहिली. लाकडी सज्जे, खाली चौक. आपल्याकडच्या वाड्यासारखंच सगळं. असे सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटचीच सराई. पूर्वी ती चौकाच्या इतर बाजूंनाही होती, पण 1889 मध्ये रेल्वे कंपनीनं गोदामांसाठी बाकीचं पाडलं आणि एकच बाजू उरली. आई कठड्याकडे बघत राहिली. आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हाही एक बाजूच उरली होती. 1937 पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आत ओळीनं लहान लहान खोल्या. टपालगाडीची वाट बघत प्रवासी जिथे बसायचे त्या खोलीत आम्ही बसलो. भिंतीवर मोठ्या तबकडीचं जुनं घड्याळ आहे. 1797 मध्ये सरकारनं घड्याळांवर कर बसवला, लोक घड्याळं घेईनात, तेव्हा सरायांमधल्या अशा मोठ्या घड्याळांवरच सगळ्यांची भिस्त आली, असं सांगतात. कर वर्षभरही टिकला नाही, नाव मात्र चिकटलं: पार्लमेंटचं घड्याळ. टेबलावर कुणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. मी हातपंपानं ओढलेल्या एलचा अर्धा पाइंट घेतला. ती बर्फगार नसते, तशीच प्यायची असते. आईला जिंजर बीअर. नावाला दचकली, पण त्यात दारू नाही म्हटल्यावर निवांत झाली आणि आल्याचा झणका लागला तेव्हा खूश झाली. चिप्स गरम होत्या, बाहेरून कडक, आतून मऊ. व्हिनेगर तिनं बाजूला सारलं आणि पर्समधून चटणीची पुडी काढली.

शेजारच्याच बोळात ‘टॅबर्ड’ नावाची सराई होती. कँटरबरीला सेंट थॉमस बेकेटच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू या रस्त्यानं निघायचे. हे सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, “मुक्काम कुठे पडायचा गं?” तिनं आळंदी ते सासवड वारी केली आहे, दिवे घाट चढली आहे. म्हटलं, अशाच ठिकाणी.

मग तिनं मला मणी दैत्याची गोष्ट सांगितली. तो खंडोबाला शरण आला, आपला पांढरा घोडा त्याला दिला आणि देवाजवळची जागा मागून घेतली. “या ड्रॅगनला काय मिळालं?” मी म्हटलं, काही नाही, मारलाच त्याला. आईला ते पटलं नाही.

जायचं तर दुपारी तीनच्या सुमाराला जा, बसायला जागा निवडता येते. माझा पुढचा बेत 29 मेचा. इथून चालत जाण्याजोगं टॅबर्ड स्ट्रीटवर ‘रॉयल ओक’ नावाचा पब आहे. वूस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स राजा 1651 मध्ये ओकच्या झाडात लपून वाचला आणि 29 मे 1660 ला राजा म्हणून लंडनला परतला, म्हणून त्या दिवशी ओकची आठवण. आई तोवर साताऱ्याला पोचलेली असेल. पाटीचा फोटो पाठव, नाव लिहू नकोस, असं तिनं बजावलं आहे.