दारूच्या व्यसनाची जनुकं शोधताना: लिंकेज, टीडीटी की जीवॉस?

दारूचं व्यसन लागण्यात जनुकांचा वाटा साधारण निम्मा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. तो वाटा शोधायला निघालेला विद्यार्थी आधी विचारतो, "पद्धत कोणती घेऊ?" माझा उलट प्रश्न असतो: नमुने कोणाचे आहेत?

बरीच व्यसनी माणसं असलेली मोठी कुटुंबं हाताशी असतील तर लिंकेज. व्यसनी नातेवाइकांत गुणसूत्राचा कोणता तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सारखा येतो, ते त्यात पाहतात. दारूच्या व्यसनाची जनुकं शोधण्यासाठी अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झालेला कोगा प्रकल्प याच वाटेने चौथ्या गुणसूत्रापर्यंत पोचला. पण सापडणारा तुकडा एवढा मोठा असतो की त्यात शेकडो जनुकं मावतात, आणि थोडाथोडा परिणाम करणारी जनुकं निसटतात. आज फक्त लिंकेजवर भिस्त ठेवू नये.

जीवॉसमध्ये (जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी, म्हणजे संपूर्ण जीनोम, सगळा जनुकसंच धुंडाळणारा अभ्यास) नात्यात नसलेले रुग्ण आणि निरोगी लोक यांची तुलना होते. सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरल्या जातात, म्हणून पी (खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.00000005 च्या खाली हवा. 2018 च्या एका मोठ्या विश्लेषणात 14,904 रुग्ण होते, तरी ठळकपणे पुढे आलं ते दारूचं विघटन करणारं एडीएच1बी. याचं संरक्षक रूप पूर्व आशियात सर्रास आढळतं, युरोपात क्वचित. इतर अनेक जनुकांची रूपंही अशीच वंशागणिक कमीजास्त आढळतात. त्यामुळे दोन गटांची वंशपरंपरा वेगळी असली तर व्यसनाशी संबंध नसलेली जनुकंही दोषी दिसू लागतात. प्रिन्सिपल कंपोनंट (वंशपरंपरेतला फरक दाखवणारे, हिशेबात धरायचे आकडे) घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

टीडीटीला (ट्रान्समिशन डिसइक्विलिब्रियम टेस्ट) हा धोका नाही, कारण तुलना घरातल्या घरात होते: आईवडिलांनी व्यसनी मुलाला कोणतं रूप दिलं, कोणतं नाही. समजा, दोन वेगळी रूपं असलेल्या 100 पालकांपैकी 62 जणांनी एक रूप दिलं, 38 जणांनी दुसरं. फरक 24; 24 चा वर्ग भागिले 100, म्हणजे 5.76. एकच जनुक तपासत असाल तर 3.84 ची (पी 0.05 ची) मर्यादा ओलांडली. पण संपूर्ण जीनोमसाठी जवळपास 30 लागतात. त्याच प्रमाणात पाचशेहून अधिक पालक हवेत. शिवाय रुग्ण पन्नाशीचा असला की आईवडिलांचं रक्त मिळणं मुश्कील.

माझा कौल: काही हजार नमुने जमत असतील तर जीवॉस, नाहीतर एखाद्या ठरावीक जनुकासाठी टीडीटी.

दोन्हीकडे निदानाची व्याख्या मात्र आधी पक्की करा. जीवॉस करणार असाल तर तुलनेच्या गटात कधीच दारू न प्यायलेले किती आहेत, तेही मोजा. त्यांच्यातली जोखीम कधी कसाला लागलेलीच नसते.