साका टाळायचा तर: आच्छादन की चौदा आण्यांची तोड?

हापूसमधला साका ही ना कीड, ना बुरशी. बाहेरून फळ पिवळंधमक, वास घमघमणारा. सुरी फिरवली की कोयीजवळचा गर पांढुरका, भुसभुशीत आणि आंबट. फवारणीने तो जात नाही. मुख्य संशय उष्णतेवर आहे: एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीची धग खालून फळाला लागते.

म्हणून कलमाखाली पेंढ्याचं किंवा सुक्या पाल्याचं आच्छादन घालतात. धग कमी होते, ओल टिकते. पण देवगडच्या कातळावर एवढा पेंढा वाहून न्यायचा म्हणजे मजुरी आली, वणव्याची धास्तीही आली.

दुसरा मार्ग चौदा आण्यांच्या तोडीचा, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार फळ काढण्याचा. फळ झाडावर जितकं जास्त पिकतं तितका साका वाढतो. झाडावर पिकून पडलेल्या आंब्यात तो जास्त सापडतो. झेल्याने, म्हणजे आंबे काढायच्या जाळीच्या काठीने, फळ देठासकट काढावं आणि लगेच सावलीत न्यावं. काढलेला आंबा उन्हात तापत ठेवला, तर वेळेवर तोड करूनही उपयोग नाही.

माझा कौल तोडीला: खर्च कमी, निर्णय आपल्या हातात. मात्र बारा आण्यांवर घाई नको, चव मारली जाते. पेंढा थोडाच असेल तर उघड्या कातळावरच्या कलमांना आधी घाला.